बी.एस्सी.चे क्रेडिट आणि त्याचे पासबुक

बारावीचा निकाल लागला की प्रवेश मिळेपर्यंत घरातले सगळे जागे असतात. प्रवेश झाला की आपण निर्धास्त होतो. बी.एस्सी.चा खरा हिशेब मात्र तिथूनच सुरू होतो. बँकेत आयुष्य गेलेले आम्ही सभासद तो आमच्या भाषेत सांगतो.

एक क्रेडिट म्हणजे सत्रभर आठवड्याला एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रॅक्टिकल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 आणि चार वर्षांच्या ऑनर्सला 160 क्रेडिट लागतात. मध्येच शिक्षण थांबवावे लागले, तर अटी पूर्ण केल्यावर 40 क्रेडिटवर प्रमाणपत्र आणि 80 वर पदविका मिळते.

ही क्रेडिट जमा होतात 2021 साली सुरू झालेल्या 'अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये. डिजिलॉकरवरून खाते विद्यार्थी उघडतो, पण भरणा फक्त संस्थाच करू शकते. शिक्षक गुण देतात, विभागाचे कार्यालय ते परीक्षा विभागाकडे पाठवते आणि निकालानंतर नोंद वर चढते. यातला एक दुवा अडला की खाते रिकामे राहते.

अडते कुठे? पहिले, नावात. इथे वडोदऱ्यात आपल्या मुलांच्या एका कागदावर वडिलांच्या नावापुढे 'भाई' असते, दुसऱ्यावर नसते. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. आधार आणि गुणपत्रिका जुळल्या नाहीत की नोंद लटकते. दुसरे, प्रॅक्टिकलमध्ये. लेखी परीक्षा चांगली गेली, पण जर्नलवर शिक्षकांची सही नाही म्हणून प्रॅक्टिकलला बसता आले नाही, तर ते क्रेडिट गेले. एकट्या मुलासाठी प्रयोगशाळा आणि परीक्षक पुन्हा जुळवणे विभागाला सोपे नसते.

म्हणून दर सत्राच्या निकालानंतर गुणपत्रिका आणि क्रेडिटचे खाते समोरासमोर ठेवून ताळा करा. फरक दिसला तर आधी विभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेले गर्दीत विसरले जाते, त्यात क्लार्कचा दोष नसतो. त्याच सत्रात धरलेली चूक लवकर निस्तरते; एम.एस्सी.साठी पुण्याला जायच्या आठवड्यात सापडलेली चूक वर्ष खाऊ शकते.

ताळा जमत नसेल तर कागद घेऊन मंडळात या. एकत्र बसून पाहू.