मिजच्या पाऊलखुणा

1956 साली इराकमधल्या बसऱ्यात गॅव्हिन मॅक्सवेल या स्कॉटिश लेखकाच्या दारी एक वळवळणारं पोतं आलं. दलदलीच्या मुलखात ज्यांच्यासोबत तो हिंडला, त्या विल्फ्रेड थेसिजर यांनी पाठवलेली ती भेट. आत होतं पाणमांजर. त्याने त्याचं नाव ठेवलं मिजबिल, लाडाने मिज.

हाच मॅक्सवेल काही वर्षांपूर्वी स्काय बेटाजवळच्या समुद्रात हार्पून मारून अजस्र शार्क मासे पकडण्याचा धंदा करत होता. मिजने त्याच्या घराचा ताबा घेतला. न्हाणीघरातला नळ उघडायला तो आपला आपण शिकला. पाठीवर पडून पुढच्या पंजांनी गोट्या खेळवायचा आणि रात्री मॅक्सवेलच्या पांघरुणात शिरून झोपायचा. लंडनमधल्या तज्ज्ञांनी तपासलं, तेव्हा ही पाणमांजराची विज्ञानाला ठाऊक नसलेली उपजात निघाली. तिला मॅक्सवेलचंच नाव मिळालं.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सँडेग इथे, समुद्राकाठच्या एकाकी घरात, मिज मोकळा हिंडू लागला. माणूस म्हणजे खाऊ, खेळ आणि ऊब, एवढंच त्याला माहीत होतं. 1957 साली भटकत तो दूर गेला आणि रस्त्यावर काम करणाऱ्या एका माणसाने त्याला ठार मारलं. 1960 साली आलेल्या ‘रिंग ऑफ ब्राइट वॉटर’ या पुस्तकातला हा भाग वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं. रानातल्या जिवाला वाचवते ती त्याची भीती. मायेने आपण नेमकी तीच काढून घेतो. मॅक्सवेलने हे दुःख लपवलं नाही, म्हणून त्याचं प्रेम मला खरं वाटतं. घराचा ठावठिकाणा मात्र त्याने लपवला. पुस्तकात सँडेगचं नाव त्याने बदललं. पुढे आफ्रिकेतून आलेली एडल ही पाणमांजराची मादी तिथे राहिली. 1968च्या जानेवारीत घराला आग लागली, त्यात तीही गेली. पुढच्याच वर्षी मॅक्सवेल वारला. त्याची रक्षा त्याच जागी पुरली आहे.

मिजचे भाऊबंद आपल्याकडेही आहेत. त्याच जातीची पाणमांजरं गोव्यात चोडण बेटाच्या खारफुटीत आणि सिंधुदुर्गात तिलारीच्या पाण्यात कुटुंबाने राहतात. ती सहसा दिसत नाहीत. काठावरच्या ठरलेल्या जागी ती विष्ठा टाकतात, तिच्यात माशांचे खवले चमकत असतात. अभ्यासक तिथे कॅमेरा लावतात आणि मागे सरतात.