लाल म्हणजे तिखट नव्हे

मिरची जितकी लाल तितकी जहाल, असं मी बरीच वर्षं समजत होतो. ही समजूत मोडली ती अब्बांच्या म्हातारपणी. त्यांना तिखट सोसेना, म्हणून आम्ही त्यांच्या सालनात मिरची घालणंच बंद केलं. ते फिकं सालन पाहून अब्बा म्हणाले, "हे आजाऱ्याचं खाणं मला नको." चार घास खाऊन ते उठू लागले.

तोड काढली अम्मीनं. तिनं बाजारातून ब्याडगी आणली. कर्नाटकातल्या ब्याडगी गावचं नाव लागलेली ही सुरकुतलेली मिरची रंगाला गडद, पण तिखटाला मवाळ. उलट लवंगी दिसायला एवढीशी, पण डोळ्यांतून पाणी काढते. कारण रंगाची द्रव्यं वेगळी, तिखटाचं वेगळं. तिखटाच्या द्रव्याला कॅप्सेसिन म्हणतात. ते बियांत तयार होत नाही. बिया ज्याला चिकटलेल्या असतात, त्या आतल्या पांढऱ्या गाभ्यात होतं. अम्मी तो गाभा बियांसकट काढून टाकी आणि उरलेली मिरची कोमट पाण्यात भिजवून वाटी.

मंडळी, एकाच झाडाच्या दोन मिरच्याही सारख्या तिखट नसतात. तेव्हा नवी मिरची आणली की आधी कणभर चाखा, मग प्रमाण ठरवा. तोंड भाजलंच तर पाण्यानं भागत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दूध किंवा दही घ्या.

त्या रात्री सालन लालभडक झालं होतं. अब्बांनी बऱ्याच दिवसांनी दुसरी भाकरी मागितली.