पोलिसाविरुद्ध तक्रार: कागद का हवा?



गावांत फिरताना एक प्रश्न नेहमी कानी येतो: "पोलिसानेच अन्याय केला, तर दाद कोणाकडे मागायची?" दाद मागता येते, पण त्यासाठी हाती कागद लागतो.

26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात दोन पोलिसांनी एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याची तक्रार झाली. बाहेर जमलेले लोक हटले नाहीत, म्हणून ती लिहून घेतली गेली. 1974 मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सोडले, 1976 मध्ये आपल्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. मुलगी हरली. पण सारे नोंदलेले होते, म्हणून 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांना त्या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिता आले. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

आज काय करता येते? ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर ती लिहून पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. नागपूर शहरात पोलीस आयुक्तांकडे. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, खंडणी अशा बाबींसाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या आदेशातून अशी प्राधिकरणे निघाली. शिवाय अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम 4 नुसार, आदिवासीची तक्रार नोंदवण्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या बिगर दलित-आदिवासी सरकारी नोकराला सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते.

एक अडचण मात्र ओळखून असावे. 2012 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कर्मचाऱ्याला मिळालेले मेमो, नोटिसा, शिक्षा ही त्याची खासगी माहिती आहे. मोठे सार्वजनिक हित दाखवल्याशिवाय ती माहिती अधिकारात मिळत नाही. म्हणजे पोलिसाच्या फाइलीत काय लिहिले आहे ते आपल्याला सहसा दिसणार नाही. म्हणून आपली फाइल आपणच ठेवायची: तक्रारीची प्रत, पोस्टाची पावती, दवाखान्याचा कागद, तारीख आणि साक्षीदारांची नावे.

मंडळीतील शिकलेल्यांनी एवढे करावे: अर्ज लिहून द्यावा, सोबत ठाण्यात जावे. लूकच्या 18 व्या अध्यायातील विधवा न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा गेली. आपल्या बहिणींना एकटे जावे लागू नये, यासाठी प्रार्थना करा आणि सोबतही चला.