मुहूर्ताची पेटी

यंदा गणपतीला नाट्याला गेलो. आरती आटोपून झांजा खाली ठेवतो न ठेवतो, तोच पुतण्याने मला माजघरात गाठले.

"काका, तुम्ही प्राध्यापक. बाबांना जरा समजावून सांगा."

प्रकरण असे होते. मुंबईच्या मामाने त्याला आपला वापरलेला प्लेस्टेशन दिलेला. आता एक नवा व्हिडिओ गेम बाजारात येणार होता. किंमत ४,९९९ रुपये. पैसे आगाऊ भरले तर खेळातल्या नायकाला खास चिलखत फुकट! हंगामात बागेत आंब्याच्या पेट्या भरून मुलाने स्वतः पैसे साठवलेले. त्यामुळे 'पैसे काय झाडाला लागतात?' हा बापाचा हुकमी प्रश्नही दादाला विचारता येईना. ते खरोखरच झाडाला लागले होते.

"पाच हजारांना खेळ!" दादा गरजला. "आम्ही विटीदांडू खेळलो तो काय दांड्याला पैसे मोजून?"

मी न्यायाधीश झालो खरा, पण वाचकहो, दोन्ही बाजू समजून घेताना माझीच शिकवणी झाली. अमेरिकेत मोठ्या खेळाची किंमत २००५च्या सुमारास ६० डॉलर झाली, ती जवळजवळ १५ वर्षे तेवढीच राहिली. तेवढ्या काळात आपल्याकडे चहाचा कप कुठल्या कुठे गेला! २०२० पासून ती ७० झाली आणि २०२५ साली निन्टेन्डोने 'मारिओ कार्ट वर्ल्ड'ला ८० लावले. असा एकेक खेळ करायला शेकडो चित्रकार, संगीतकार, गणिती वर्षानुवर्षे राबतात. तीन तासांच्या सिनेमाला कुटुंब किती खर्च करते ते आठवले, तर पन्नास-साठ तास रमवणारा खेळ महाग म्हणवत नाही. इथवर निकाल पुतण्याच्या बाजूने होता.

पण किंमत वेगळी आणि गाजावाजा वेगळा. 'सायबरपंक २०७७' या खेळाची घोषणा २०१२ साली झाली. आठ वर्षे डंका वाजला. सुमारे ८० लाख लोकांनी आगाऊ नोंदणी केली. डिसेंबर २०२० मध्ये खेळ आला, तो जुन्या यंत्रांवर धड चालेना. आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. पुढच्या जूनपर्यंत तो तिथे परतला नाही. पुढे कर्त्यांनी दुरुस्ती केली, २०२३ पर्यंत त्याची वाखाणणीही होऊ लागली. म्हणजे जो थांबला, त्याला चांगला खेळ मिळाला आणि तोही स्वस्तात.

आगाऊ पैसे भरणे आपल्याला नवे नाही. प्रकाशनपूर्व सवलतीत ग्रंथ आपण घेतोच. पण तिथे भरवशाबद्दल निदान सूट मिळते. इथे किंमत पूर्ण, आणि बदल्यात चिलखत!

उलट पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूची लोकवर्गणी फसली, तरी २०२० साली त्यांनी 'राजी' हा आपल्या पुराणकथांवरचा खेळ पुरा केला. थोड्या तासांत संपतो, पण किंमत मोठ्या खेळांच्या मानाने पुष्कळच कमी. डंका लहान म्हणून खेळ लहान ठरत नाही.

हे ऐकून दादाला स्फुरण चढले. "बघ! नुसत्या नावाला भुलून, माल न पाहता कोण पैसे टाकतो?"

पुतण्या शांतपणे म्हणाला, "मग बाबा, आपली पहिली पेटी वाशीला कशी खपते?"

माजघर एकदम गप्प झाले. मग वहिनी पदराआड हसू लागल्या. मोसमाच्या आरंभी वाशीच्या बाजारात जाणाऱ्या हापूसला जो भाव मिळतो, तो काही सगळा गोडीचा नसतो. पहिलेपणाचा असतो. आमच्या घरातली मुलांची फी त्याच पहिलेपणावर भरली जाते.

दादाने जरा वेळ पान जुळवले. मग म्हणाला, "खपते रे. विकणाऱ्याने विकावी. पण आपण स्वतः कधी खातो आंबा?"

"मे महिन्यात," पुतण्या म्हणाला.

"का?"

"तेव्हा गोड असतो. आणि कुणी किंमत विचारत नाही."

पुढे कुणाला काही सांगावे लागले नाही. नोटा पुन्हा डब्यात गेल्या. खेळ मे महिन्यात घ्यायचा ठरला आहे. आणि त्या सुट्टीत तो मला शिकवायचे पुतण्याने कबूल केले आहे.