मुक्कामाचा खर्च

सणासुदीच्या दानाची जी वहिवाट आपल्याकडे चालत आली आहे तिच्यात अन्नास, वस्त्रास आणि दिव्याच्या तेलास मान आहे. परंतु परगावाहून आलेल्या आजारी मुलाच्या आईबापांस रुग्णालयाजवळ राहावयास जागा मिळवून देणे हेही सणाचे दान होऊ शकते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. अमेरिकेत ती ध्यानी आली ती एका व्यापारी विक्रीच्या निमित्ताने. फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघातील फुटबॉलपटू फ्रेड हिल यांच्या मुलीस रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा रुग्णालयातील बाकांवर रात्री काढणारे इतर मुलांचे आईबाप त्यांच्या दृष्टीस पडले. त्याच शहरातील बालरुग्णालयात कर्करोगावर उपचार करणाऱ्या डॉ. ऑड्री इव्हान्स अशा कुटुंबांसाठी घराच्या शोधात होत्या. संघाचे व्यवस्थापक जिम मरे यांनी मध्यस्थी केली, आणि सेंट पॅट्रिकच्या सणात विकल्या जाणाऱ्या मॅक्डोनाल्ड्सच्या हिरव्या शेकचे उत्पन्न या कामी लागून १९७४ साली पहिले 'रोनाल्ड मॅक्डोनाल्ड हाउस' उघडले. धर्मार्थ वास्तूस उपाहारगृहाच्या विदूषकाचे नाव द्यावे हे आपल्या अभिरुचीस खटकेल खरे. पण देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी नाही अशा धर्मशाळा आपल्याकडे तरी किती आहेत?

मुंबईत या प्रश्नाचे उग्र रूप परळास दिसते. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश, आसाम अशा दूरदूरच्या प्रांतांतून मुले येतात. कर्करोगाच्या रुग्णास व त्याच्या सोबत्यास रेल्वे भाड्यात सवलत देते, दाखला दाखविला की तिकिटाचा प्रश्न बव्हंशी सुटतो. मात्र गाडी स्थानकात लागल्यावर पुढे कोठे जावयाचे, याची तरतूद त्या दाखल्यात नसते. ज्यांना भाड्याची खोली परवडत नाही त्यांचा संसार मग पदपथावर किंवा उड्डाणपुलाखाली मांडला जातो.

गाडगे महाराजांनी यात्रेकरूंच्या बरोबरीने रुग्णांच्या नातलगांचीही चिंता वाहिली होती, आणि त्यांच्याच परंपरेतील दादरची धर्मशाळा आजही कर्करुग्णांस आसरा देते. परळची नाना पालकर स्मृती समितीही हेच कार्य करते. केवळ मुलांचा विचार करून मात्र निहाल व श्यामा कविरत्ने या दांपत्याने २००६ साली मुंबईत 'सेंट ज्यूड' केंद्रांचा आरंभ केला. पुढे कॉटन ग्रीन येथे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या इमारतींत दीडशेहून अधिक कुटुंबांची सोय झाली. तेथे मुक्कामाचे भाडे घेत नाहीत.

या मुक्कामाचे महत्त्व कळण्यासाठी उपचाराचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. केमोथेरपीने रोगट पेशींबरोबर पांढऱ्या पेशीही घटतात, 'काउंट' खाली येतात, आणि मग निरोगी मूल ज्या तापातून दोन दिवसांत उठते तोच ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. अशा मुलास उकळलेले पाणी, ताजे शिजविलेले अन्न, स्वच्छ शौचालय आणि तापमापकावर नजर ठेवणारी आई हवी. पदपथावर यांतील पहिल्या तीन गोष्टी दुर्मिळ, आणि चौथी असूनही हतबल. त्यातच बापाची मजुरी बुडालेली, गावी धाकटी भावंडे शेजाऱ्यांच्या हवाली केलेली; तेव्हा गाठ थोडी कमी दिसताच पुष्कळ कुटुंबे औषधयोजना अर्धवट टाकून परतीची गाडी धरतात. डॉक्टरांच्या दप्तरी त्याची नोंद उपचार सोडल्याची होते. माझ्या मते ती निवाऱ्याअभावी झालेली हद्दपारी होय. औषध फुकट मिळूनही मूल दगावते ते या वाटेने.

'सेंट ज्यूड'च्या केंद्रांत प्रत्येक कुटुंबास राहावयास स्वतंत्र जागा असते, स्वयंपाकघर मात्र सामाईक; तेथे ज्याची त्याची शेगडी आणि शिधा ठेवावयाचे कपाट निराळे. एका शेगडीवर मोहरीचे तेल तापते तर शेजारच्या शेगडीवर भाकरी फुगते. या रांधण्याला मी औषधाइतकाच मान देतो, कारण तोंड आलेले, चव गेलेले मूल जे दोन घास खाते ते आईच्या हातचे.

आणि नेमके येथेच आपले दिवाळीचे दान वाट चुकते. आश्विन सरता सरता अशा ठिकाणी मिठाईचे पुडे, मऊ केसाळ खेळणी आणि छायाचित्रकारासह देणगीदार येऊन थडकतात. पण काउंट कमी असलेल्या मुलास बाहेरचा पेढा वर्ज्य, आणि धुता न येणारे, धूळ धरणारे खेळणे डॉक्टर खाटेवर ठेवू देत नाहीत. हेतूवर दोषारोप करण्याचे कारण नाही. पण दात्याला मुलाच्या हाती वस्तू ठेवण्याचे समाधान हवे असते, आणि संस्थेच्या जमाखर्चात तूट येते ती गॅस, वीज, पाणी-शुद्धी, सफाई कामगाराचा पगार आणि रुग्णालयापर्यंतची गाडी या रुक्ष बाबींत, ज्यांवर कोणाचेही नाव कोरता येत नाही. सणाच्या अंदाजपत्रकातील काही हिस्सा एका कुटुंबाच्या महिन्याभराच्या मुक्कामाकडे वळवावा, आणि तो पुढील महिन्यांतही सुरू ठेवावा. कारण रक्ताच्या कर्करोगाचे उपचार बहुधा दोन ते तीन वर्षे चालतात, आणि या दिवाळीत दाखल झालेले मूल पुढच्या दिवाळीतही तपासणीच्या रांगेत असते.