माकडांच्या नावावर सातबारा

गेल्या वर्षावासात पौडच्या आमच्या विहारातील उपासक-उपासिका टेम्पो करून ताम्हिणी घाटात गेले होते. धबधब्याजवळच्या कठड्यावर लाल तोंडाच्या माकडांची टोळी बसलेली. आमच्यातल्या एका लहानग्याने हौसेने वेफर्सचे पाकीट पुढे केले. माकडाने ते ओढले आणि मुलाच्या हातावर ओरखडा उठला. सहल तिथेच संपली. मुलाला रेबीजची लस टोचावी लागली. परतताना टेम्पोत सगळ्यांचे एकच म्हणणे होते, "या माकडांचा बंदोबस्त झालाच पाहिजे." आम्हीही मान डोलावली. घरी आल्यावर मात्र प्रश्न पडला, बंदोबस्त नेमका कुणाचा करायचा?

आपल्याकडे सरसकट 'वांदर' म्हणतात, पण मुळशीच्या रानात दोन वेगळ्या जाती आहेत. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर. डोक्यावर केसांचा भांग असा, की जणू टोपीच घातली आहे, आणि तोंड तांबूस, ते टोपीवाले माकड. हे दुसरे माकड फक्त आपल्या दक्षिण भारतात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात आढळते, जगात दुसरीकडे कुठेही नाही. वाटेवर रोज दिसते म्हणून ते भरपूर आहे असे आपण धरून चालतो. पण निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेने पूर्वी 'चिंता नाही' अशा वर्गात असलेले हे माकड आता लाल यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंदवले आहे.

कारण सरळ आहे. वड, पिंपळ, उंबर ही त्याची खानावळही आणि झोपायची जागाही. म्हैसूरचे संशोधक मेवा सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिणेतील रस्त्यांच्या कडेच्या टोळ्या वर्षानुवर्षे मोजल्या. सुमारे वीस वर्षांत त्या निम्म्याहूनही कमी झाल्याचे त्यांना दिसले. रस्ते रुंद होताना कडेचे जुने वड गेले, हे त्याचे एक मोठे कारण. शिवाय उत्तरेकडचे आखूड शेपटीचे माकड दक्षिणेकडे सरकत या माकडाची जागा घेते आहे. एका शहरात पकडलेली माकडे दुसऱ्याच रानात नेऊन सोडायची, या आपल्या सोयीच्या उपायाचाही त्यात हात आहे.

मुळशीला उजाड होण्याचा इतिहास जुना आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी धरण झाले आणि खोरे पाण्याखाली गेले. माणसांचीच दाद लागली नाही, तिथे माकडांची मोजदाद कोण करणार! पुढे मोसे खोऱ्यात लवासाचे डोंगरी शहर आले. पर्यावरण खात्याने २०१० साली ते काम थांबवले, नंतर अटींवर परवानगी मिळाली आणि २०१८ मध्ये कंपनीच दिवाळखोरीत गेली. कापलेला डोंगर मात्र तसाच राहिला. आता वाटेवर पाहावे तिकडे फार्महाऊसचे फलक. एक गोष्ट आपल्या माणसांनीच ऐकायची आहे. वतनाच्या जमिनीचे तुकडे आपल्यातल्याही काहींनी दलालाच्या हाती दिले. गरज होती, दोष कुणाला द्यायचा? पण बांधावरचा उंबर त्याच व्यवहारात गेला.

केरळातील सायलेंट व्हॅलीची गोष्ट याच्या उलट झाली. तिथे सिंहासारखी आयाळ असलेले दुर्मिळ सिंहपुच्छ माकड राहते. आज ही जात रानात जेमतेम काही हजार उरली आहे. जंगल बुडवणाऱ्या वीजप्रकल्पाविरुद्ध शिक्षक, शास्त्रज्ञ, कवी उभे राहिले. १९८३ साली सरकारने प्रकल्प सोडून दिला आणि पुढे तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. आपल्या ताम्हिणीलाही २०१३ साली अभयारण्य घोषित केले आहे, सुमारे पन्नास चौरस किलोमीटरचे. पण टोळीला अभयारण्याची हद्द कशी कळणार? खाणे जिथे, तिथे ती जाणार.

शेतकऱ्याचा त्रास आम्ही नाकारत नाही. पौडजवळच्या एका वाडीतील मावशी म्हणाल्या, "दादा, देव म्हनून नाय सोडत आमी त्यास्नी. पन काठी तरी किती उगारायची? हरभरा गेला, कौलं गेली." शहरातून गाडीने येऊन केळी वाटणाऱ्याला पुण्य मिळते आणि कौले मावशींची फुटतात. खाऊ घातलेले माकड माणसाची भीती विसरते, रस्त्यावर येते, गाडीखाली सापडते आणि रानातले फळ शोधणे सोडून देते.

आपण माकडाला देव मानत नाही. म्हणून त्याच्याशी आपले काही नाते नाही असे थोडेच आहे? सांचीच्या पश्चिम तोरणावर महाकपी जातक कोरलेले आहे. आंब्याच्या झाडावर आपली टोळी राजाच्या धनुर्धरांनी वेढली, तेव्हा वानरराजाने कमरेला वेत बांधून नदीपलीकडे उडी घेतली. वेत अपुरा पडला, तर स्वतःचे शरीर पूल म्हणून अंथरले. सगळी टोळी त्याच्या पाठीवरून पार झाली, तो मात्र वाचला नाही. तो वानर म्हणजे बोधिसत्त्व. सम्राट अशोकाने विनाकारण वणवे लावण्यास बंदी घातल्याचे त्याच्या स्तंभलेखात आहे. बाबासाहेबांनीही करुणा आणि मैत्री यांतला फरक सांगितला. करुणा माणसांपुरती आणि मैत्री सर्व जीवांसाठी.

धाराशिव जिल्ह्यातील उपळा गावात ३२ एकर जमीन महसुली दप्तरात माकडांच्या नावे आहे, ही बातमी २०२२ साली गाजली. आम्ही इतकी वर्षे कारकुनी केली, शेकडो उतारे पाहिले, पण असा उतारा पाहायला मिळाला नाही! कुणी, कधी नोंद केली हे गावालाही सांगता येत नाही म्हणे. पौडात असा सातबारा निघायचा नाही. मात्र विहारात आपण बोधिवृक्ष म्हणून पिंपळ लावतो, पार बांधतो, कुंपण घालतो. त्याची बारीक फळे माकडांना, धनेशांना आवडतात. गायरानाच्या कडेला आणि ओढ्याकाठी असे चार पिंपळ, चार उंबर वाढले, तर टोळीला कौलावर चढायची गरज तेवढी कमी होईल.

यंदा विहारातील महिला मंडळाने दुधाच्या रिकाम्या पिशव्या साठवायला सुरुवात केली आहे. उंबराची रोपे आषाढी पौर्णिमेला वाटायची आहेत. ताम्हिणीच्या टेम्पोत या वेळी वेफर्सची पाकिटे चढू द्यायची नाहीत, असे मुलांनीच ठरवले आहे. जखमी माकड दिसले तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फिरवावा. पिकांच्या नुकसानीचा अर्ज ज्यांना लिहून हवा असेल, त्यांनी रविवारी वंदनेनंतर भेटावे. येताना सातबाराचा उतारा आणावा.