उंचीचा विक्रम आणि वाऱ्याची परीक्षा

'जगातली सर्वांत उंच इमारत कोणती?' सामान्य ज्ञानाच्या कुठल्याही पुस्तकात हा प्रश्न पहिल्या चार-दोन पानांत हमखास सापडतो. माझ्या पिढीनं त्याचं उत्तर 'एम्पायर स्टेट बिल्डिंग, न्यूयॉर्क, १०२ मजले' असं घोकलं. धाकट्या भावंडांनी शिकागोचा सिअर्स टॉवर पाठ केला. त्यांच्या मागून आलेल्यांनी क्वालालंपूरचे पेट्रोनास मनोरे, मग तैपेई १०१. आजची मुलं डोळे मिटून सांगतात, 'बुर्ज खलिफा, दुबई, ८२८ मीटर.' प्रश्न तोच, त्याला गुणही तितकेच. उत्तर मात्र दर थोड्या वर्षांनी नवं.

या यादीचा मला जुना नाद आहे. एकेका इमारतीची हकिगत वाचताना एक गोष्ट दर वेळी जाणवते. मीटरचा आकडा फार लवकर शिळा होतो. पण ती उंची गाठण्यासाठी कुणाला तरी सुचलेली युक्ती शिळी होत नाही, ती पुढच्या इमारतीत उतरते. परीक्षेत आकडा विचारतात. युक्ती कुणाची, हे मात्र कुणी विचारत नाही.

सुरुवात इजिप्तपासून करू. गिझाचा मोठा पिरॅमिड इसवी सनापूर्वी २५६० च्या सुमारास उभा राहिला तेव्हा त्याची उंची होती जवळजवळ १४७ मीटर. हा विक्रम सुमारे ३,८०० वर्षं अबाधित राहिला! तो मोडला असं मानतात ते इंग्लंडमधल्या लिंकन कॅथीड्रलनं, १३११ साली. त्याच्या मधल्या मनोऱ्यावरचं टोक सुमारे १६० मीटरपर्यंत गेलं होतं असं म्हणतात. १५४८ साली वादळानं ते पाडलं. पिरॅमिड मात्र आजही जागेवर आहे. कारण सोपं आहे. खळ्यात धान्य ओतत गेलं की खाली रुंद, वर निमुळती अशी रास आपोआप होते. पिरॅमिडचा आकार जवळपास तोच. २३० मीटर रुंदीच्या बैठकीवर बसलेल्या या दगडी राशीला वारा काय करणार? अडचण एवढीच की राशीत माणसाला राहता येत नाही.

राहण्याजोगी उंच इमारत बांधायची तर भिंती उभ्या हव्यात, आणि वरच्या मजल्यांचा सगळा भार त्या भिंतींनीच पेलायला हवा. मजले वाढले की खालची भिंत जाड होत जाते. शिकागोत १८९१ साली बांधलेली मोनाडनॉक ही सोळा मजली इमारत अजून उभी आहे. तिच्या तळमजल्याच्या विटांच्या भिंती जवळजवळ सहा फूट जाड आहेत. आणखी मजले चढवले असते तर तळाशी नुसत्या भिंतीच उरल्या असत्या, दुकानाला जागाच राहिली नसती.

यातून वाट काढली ती लोखंडी सांगाड्यानं. त्याच शिकागोत विल्यम ल बॅरन जेनी यांनी १८८५ साली होम इन्शुरन्स बिल्डिंग बांधताना बराचसा भार भिंतींकडून काढून खांब-तुळयांवर सोपवला. दहाच मजल्यांची ही इमारत, पण गगनचुंबी इमारतींची आद्य म्हणून तिचंच नाव अनेक वर्षं घेतलं गेलं. इमारत आतापर्यंत कासवासारखी होती, कवच हेच तिचं बळ. आता तिला माणसासारखी हाडं आली.

पण हाडं आली तरी दहा जिने रोज कोण चढणार? त्याचं उत्तर तीस वर्षं आधीच मिळालं होतं. १८५४ साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात एलिशा ओटिस हे गृहस्थ उंच टांगलेल्या फलाटावर उभे राहिले आणि त्यांनी वरचा दोर तोडायला लावला. लोकांनी श्वास रोखला. फलाट जरासा घसरला आणि जागीच अडकला. ओटिस यांनी बसवलेल्या आपोआप लागणाऱ्या ब्रेकची ती जाहिरात होती. १८५७ साली न्यूयॉर्कच्या एका दुकानात त्यांची माणसांसाठीची पहिली लिफ्ट सुरू झाली. लिफ्ट येण्यापूर्वी वरचे मजले स्वस्त असत, पाय दुखवायची तयारी असलेल्यांसाठी. लिफ्टनं हा हिशेब उलटा केला आणि सर्वांत वरचा मजला सर्वांत महाग झाला.

दोन मित्रांची शर्यत

पुढची हकिगत एखाद्या नाटकात शोभेल अशी आहे. १९२९ साली न्यूयॉर्कमध्ये दोन इमारती एकाच वेळी वर चढत होत्या. एक क्रायस्लर बिल्डिंग, वास्तुविशारद विल्यम व्हॅन ॲलन. दुसरी ४० वॉल स्ट्रीट, वास्तुविशारद क्रेग सेव्हरन्स. हे दोघे पूर्वी भागीदार होते, आता बिनसलं होतं. ४० वॉल स्ट्रीटची उंची २८३ मीटर ठरली आणि विक्रम आपलाच असं सेव्हरन्स धरून चालले. तिकडे व्हॅन ॲलन यांनी क्रायस्लरच्या मुकुटाच्या आत, कुणाच्या नजरेला पडू न देता, ५६ मीटरचा पोलादी सुळका तुकड्यातुकड्यांनी आणून ठेवला होता. २३ ऑक्टोबरला तो दीड-एक तासात वर सरकवून बसवला आणि इमारत ३१९ मीटरची झाली. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचा शेअर बाजार कोसळू लागला.

क्रायस्लरला हा मान जेमतेम वर्षभर मिळाला. १ मे १९३१ रोजी ३८१ मीटरच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचं उद्घाटन झालं. ही अजस्र इमारत केवळ ४१० दिवसांत उभी राहिली. ऐन भरात तिथं दिवसाला साडेतीन हजारांच्या आसपास कामगार राबत होते. ल्युइस हाइन या छायाचित्रकारानं त्यांची काढलेली छायाचित्रं आजही पाहण्यासारखी आहेत. खाली शहर इवलंसं दिसतंय आणि वर एका तारेला धरून माणूस बोल्ट आवळतोय. मंदीमुळे पुष्कळ मजल्यांना भाडेकरूच मिळेनात, तेव्हा चेष्टेखोर न्यूयॉर्ककरांनी तिचं नाव 'एम्प्टी स्टेट', म्हणजे रिकामी इमारत, असं करून टाकलं. पण बांधणी पक्की. १९४५ साली दाट धुक्यात एक लष्करी बाँबफेकी विमान तिच्यावर आदळलं, चौदा माणसं दगावली, पण इमारतीच्या सांगाड्याला धोका पोहोचला नाही.

खरा शत्रू आडवा येतो

आपल्याला वाटतं, उंच इमारतीला सर्वांत मोठी भीती स्वतःच्या वजनाची. तसं नाही. वजन सरळ खाली जातं, त्याचा हिशेब सोपा असतो. खरी परीक्षा घेतो वारा, कारण तो आडवा येतो. जमिनीत रोवलेल्या काठीला वरच्या टोकाशी ढकललं तर ती मुळाशी उखडू पाहते. काठी जितकी लांब तितका हा जोर अधिक. एम्पायर स्टेटनं यावर शोधलेला उपाय म्हणजे भरपूर पोलाद. दर चौरस मीटर जागेमागे सुमारे २०६ किलो. याच रीतीनं आणखी उंच जायचं तर खर्च परवडेना. म्हणून त्या इमारतीचा विक्रम जवळपास चाळीस वर्षं टिकला.

ही कोंडी फोडणाऱ्या माणसाचं नाव आपल्या सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांत मला अजून दिसलेलं नाही. फझलुर रहमान खान. जन्म १९२९, ढाका. म्हणजे एम्पायर स्टेट आणि क्रायस्लरच्या वेळचाच. १९५२ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर तो अमेरिकेला गेला, इलिनॉय विद्यापीठात तीन वर्षांत दोन पदव्युत्तर पदव्या आणि डॉक्टरेट मिळवली आणि शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या कंपनीत दाखल झाला.

त्याची युक्ती सांगायला अगदी सोपी. इमारतीच्या आतल्या भागात खांबांची गर्दी करण्याऐवजी ते बाहेरच्या कडेला जवळजवळ उभे करा आणि एकमेकांना घट्ट बांधा. मग सगळी इमारत मिळून एक पोकळ नळी होते. बांबू आठवा. आतून पोकळ, वजनाला हलका, तरी वाऱ्यात वाकतो पण मोडत नाही. ताकद बाहेरच्या कडेला असली की थोड्या साहित्यात भागतं. १९६९ साली पूर्ण झालेल्या शिकागोच्या शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटरला खान यांनी बाहेरून मोठमोठ्या तिरप्या फुल्या मारल्या. त्यात पोलाद लागलं दर चौरस मीटरला सुमारे १४५ किलो.

पुढची पायरी सिअर्स टॉवर. एक नळी बळकट, तर नऊ नळ्या एकत्र बांधल्या तर? वास्तुविशारद ब्रूस ग्रॅहम यांनी मुठीत सिगारेटी धरून खान यांना ही कल्पना दाखवली असं सांगतात. नऊ चौकोनी नळ्यांपैकी दोन पन्नासाव्या मजल्यावर थांबतात, दोन सहासष्टाव्या, तीन नव्वदाव्या, आणि उरलेल्या दोन थेट ११० व्या मजल्यापर्यंत जातात. १९७४ साली पूर्ण झालेली ही ४४२ मीटरची इमारत पुढली दोन तपं जगात पहिली होती.

१९७१ साली मातृभूमीत मुक्तिसंग्राम पेटला तेव्हा याच खान यांनी शिकागोत बसून बांगलादेशासाठी मदत उभी केली. १९८२ साली सौदी अरेबियातल्या जेद्दा इथं हृदयविकाराच्या झटक्यानं ते गेले. वय अवघं ५२. सिअर्स टॉवरचं नावही २००९ पासून विलिस टॉवर झालं. पण आज जगातल्या कुठल्याही मोठ्या शहरात नजर वर करून पाहिलं, की त्यांच्या विचारावर उभी असलेली एखादी तरी इमारत दिसतेच.

उंची मोजायची कुठून कुठपर्यंत?

१९९६ मध्ये मोठीच पंचाईत झाली. पेट्रोनास मनोऱ्यांवर सुळके चढले आणि त्यांची उंची ४५२ मीटर भरली. शिकागोकर म्हणाले, हा कुठला न्याय? आमचं नुसतं छप्पर ४४२ मीटरवर आहे, माणसं वापरतात तो सर्वांत वरचा मजलाही तुमच्यापेक्षा उंच आहे, आणि आमच्या अँटेना धरल्या तर आम्ही पाचशेच्या पुढं. उंच इमारतींच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं निवाडा दिला : सुळका हा वास्तूच्या रचनेचा भाग, तो धरायचा, अँटेना नंतर लावलेलं उपकरण, ती सोडायची. पेट्रोनास पहिलं ठरलं. नाराजी शमावी म्हणून विक्रमाचे चार निरनिराळे प्रकार केले. २०१३ साली न्यूयॉर्कच्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरवरचा खांब सुळका की अँटेना, यावर पुन्हा असाच खल झाला. 'सुळका' असा निर्णय झाल्यानं ५४१ मीटर ग्राह्य धरले गेले, नाहीतर अमेरिकेतला पहिला मान शिकागोकडेच राहिला असता.

आणि मग २०१० च्या ४ जानेवारीला आला बुर्ज खलिफा. ८२८ मीटर! त्याचा आराखडा वरून पाहिला तर तीन पाकळ्यांचा. मधल्या गाभ्याला तीन बाजूंनी टेकू दिल्यासारखा. वर जाताना प्रत्येक पाकळी आळीपाळीनं आखूड होते, त्यामुळे वाऱ्याला एकसारखे भोवरे करता येत नाहीत. वाऱ्याला चकवण्याची ही रचना बिल बेकर यांची. ते खान यांच्याच कंपनीतले अभियंते. तिथल्या १२४ व्या मजल्यावरच्या सज्जात पर्यटक उभे राहून फोटो काढतात, ती उंची आहे ४५२ मीटर. एके काळी पेट्रोनासचं टोक जगात सर्वांत वर होतं, तिथं आता पर्यटकांची पावलं टेकतात!

या इमारतीत सूर्यसुद्धा सगळ्यांना एकाच वेळी मावळत नाही. जितकं वर जावं तितकं क्षितिज दूर जातं आणि सूर्य जरा जास्त वेळ दिसतो. म्हणून २०११ च्या रमजानमध्ये दुबईच्या धर्मगुरूंनी सांगितलं, की ८० व्या मजल्यावरच्या रहिवाशांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा आणि १५० च्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटं. पृथ्वी गोल असल्याचा याहून घरगुती पुरावा दुसरा नसेल.

पण या ८२८ मीटरांतले वरचे सुमारे २४४ मीटर असे आहेत, की तिथं कुणीच राहत नाही. तो केवळ विक्रमासाठी चढवलेला तुरा. आणि खालचे जे मजले वापरात आहेत, ते बांधणारे बहुसंख्य हात आपल्या भागातले, भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ इथले. कामाच्या ऐन भरात तिथं रोज बारा हजारांच्या आसपास माणसं होती. २००६ च्या मार्चमध्ये मजुरी आणि वागणुकीवरून तिथल्या कामगारांचा संताप उफाळून आला, तोडफोड झाली, काम थांबलं. इमारतीला उद्घाटनाच्या दिवशी नाव मिळालं ते अबू धाबीच्या शासकांचं. कर्जात बुडालेल्या दुबईला अबू धाबीनं काही आठवड्यांपूर्वीच मदतीचा हात दिला होता. बारा हजारांपैकी कुणाचं नाव सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात येणार?

चीननं २०२१ साली पाचशे मीटरच्या वर इमारती बांधायला बंदी केली. सौदी अरेबियात मात्र हजार मीटरच्या पुढचं लक्ष्य ठेवलेल्या मनोऱ्याचं कित्येक वर्षं थांबलेलं काम जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं. तो मनोरा उभा राहतोय जेद्दा शहरात. ज्या शहरात फझलुर खान यांनी शेवटचा श्वास घेतला, तिथंच. तो पुरा झाला की पुस्तकातलं उत्तर पुन्हा एकदा खोडून नवं लिहावं लागेल.

तेव्हा घरातल्या मुलांना सर्वांत उंच इमारत कोणती हे जरूर विचारावं. त्यांनी धडाधड उत्तर दिलं, की त्याला जोडून आणखी दोन प्रश्न टाकावेत. एवढी उंच इमारत वाऱ्यानं का पडत नाही? आणि ती बांधली कुणी? या दोन प्रश्नांची उत्तरं शोधायला एखादा रविवार सहज पुरतो. आणि पुढल्या आवृत्तीत ती बदलावीही लागत नाहीत.